फेऱ्यांची संख्या आणि कडेचा वेग

राउटर हे सुतारकामातले विजेवर चालणारे यंत्र रचनेने साधे असते. एक उभी मोटर. तिच्या आसाच्या टोकाला कोलेट, म्हणजे उभ्या चिरा पाडलेली निमुळती पोलादी नळी, जी वरचे नट आवळले की आकसते आणि हत्याराची दांडी धरून ठेवते. आणि त्या कोलेटात बसवलेले बिट, म्हणजे दांडीच्या टोकाला कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची पाती जोडलेले कापणारे हत्यार. मोटर आणि बिट यांच्यामध्ये दातेरी चाके नसल्यामुळे मोटर जितके फेरे घेते तितकेच बिट घेते. हातात पेलेल अशा हलक्या मोटरीतून हजार-दीड हजार वॅटची शक्ती काढायची तर ती अतिशय वेगाने फिरवण्यावाचून गत्यंतर नसते, कारण शक्ती म्हणजे पीळ आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार, आणि छोट्या मोटरीत पीळ मुळातच कमी असतो. म्हणून सर्वसाधारण राउटर मिनिटाला २२,००० ते २८,००० फेरे घेतो, आणि लॅमिनेटच्या कडा साफ करण्यासाठी फर्निचरवाले वापरतात तो छोटा ट्रिमर ३०,००० च्या आसपास जातो.

अमेरिकेतील बफेलो शहरात केली इलेक्ट्रिक मशीन कंपनीने १९०५ मध्ये विजेवरचा राउटर बनवला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सिरॅक्यूस येथील आर. एल. कार्टर यांनी हाताळायला सोपे असे हलके यंत्र बाजारात आणले, आणि १९२९ मध्ये स्टॅनले कंपनीने त्यांचा व्यवसाय विकत घेतला. त्या काळी राउटरकडून अपेक्षा असे ती खाच पाडण्याची, बिजागरीची जागा कोरण्याची किंवा कडेला बारीक गोलाई देण्याची, आणि या कामांना बोटाएवढी बिटेच पुरत. नंतर मात्र पूर्वी जी कामे स्पिंडल मोल्डर या जड, कारखान्यात बसवलेल्या यंत्रावर होत, तीही राउटरकडे येऊ लागली. पॅनेलच्या दारातील फळीला चारही बाजूंनी उतार देणारे बिट हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याचा व्यास ८९ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे साडेतीन इंच, असू शकतो. बिटे मोठी झाली, पण पुष्कळ वर्षे मोटरी त्याच एका ठरलेल्या वेगाने फिरत राहिल्या, आणि मोठ्या बिटांच्या बहुतेक अडचणी या विसंगतीतून निर्माण होतात.

यंत्रावरच्या पट्टीवर छापलेला आकडा हा फेऱ्यांचा असतो. लाकडाला जो वेग भेटतो तो बिटाच्या कडेचा असतो, आणि या दोहोंमध्ये व्यास उभा असतो. एका फेऱ्यात बिटाची कड आपल्या परिघाएवढे अंतर कापते. त्यामुळे फेरे तेच ठेवून व्यास दुप्पट केला की कडेचा वेगही दुप्पट होतो. हिशेब सोपा आहे : व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे आणि १९,१०० ने भागावे, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला किती मीटर ते कळते. मिनिटाला २४,००० फेरे घेणाऱ्या राउटरवर ६ मिलिमीटर व्यासाच्या बिटाच्या कडेचा वेग या हिशेबाने सेकंदाला साडेसात मीटर येतो. घराच्या छतावरचा ४८ इंची पंखा मिनिटाला अवघे ३५० फेरे घेत असला तरी त्याच्या पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने फिरते. म्हणजे कानठळ्या बसवणाऱ्या राउटरवरचे ते बारीक बिट कडेच्या वेगात डोक्यावर निवांत फिरणाऱ्या पंख्याच्याही मागे आहे. त्याच राउटरवर २५ मिलिमीटरचे बिट लावले तर हा वेग सेकंदाला ३१ मीटर होतो, ५० मिलिमीटरला ६३ मीटर, आणि ८९ मिलिमीटरच्या पॅनेल बिटाला जवळजवळ ११२ मीटर, म्हणजे ताशी ४०० किलोमीटर. यंत्राचे बटण तेच, मोटरीचा आवाजही जवळपास तोच. परंतु कोलेटात फिरणारी वस्तू पूर्णपणे वेगळी झालेली असते.

हा वेग धोकादायक का ठरतो, हे समजण्यासाठी बिट हातात घेऊन जवळून पाहावे. मधला पिंड पोलादाचा असतो आणि त्याच्या पंखांसारख्या बाजूंवर करड्या रंगाची कार्बाइडची पट्टी बसवलेली असते. ही पट्टी स्क्रूने आवळलेली नसते. बहुतेक बिटांत ती चांदीमिश्रित धातूचा डाग देऊन, म्हणजे ब्रेझिंग करून, जोडलेली असते, आणि तो डाग पट्टी व पोलाद यांच्यामध्ये पिवळसर बारीक रेघेसारखा दिसतो. बिट फिरत असताना पट्टीला पकडून ठेवणारी गोष्ट म्हणजे एवढी एक रेघ. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला बाहेर फेकू पाहणारा जोर वस्तुमान आणि त्रिज्या यांच्या प्रमाणात वाढतो, परंतु फेऱ्यांच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आसापासून ४० मिलिमीटरवर बसलेली ५ ग्रॅमची पट्टी मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर सुमारे २२ किलो वजनाइतका ताण डागावर टाकते. फेरे २४,००० केले की तोच ताण १२५ किलोच्या पुढे जातो. फेरे अडीचपटीहून कमी वाढले आणि ताण मात्र पावणेसहा पट झाला. चांगल्या प्रतीचा डाग हाही ताण सोसू शकतो, पण ज्या डागात हवेचा बुडबुडा राहिला आहे, किंवा ज्या पट्टीला जमिनीवर पडून दिसेल न दिसेल अशी चीर गेली आहे, तिच्याबाबत अशी खात्री देता येत नाही.

दुसरा प्रश्न समतोलाचा आहे. बिटाच्या एका बाजूला दुसरीपेक्षा एक ग्रॅम जास्त असला, मग तो धार लावताना एक पाते अधिक घासले गेल्यामुळे असो वा सागाचा चीक एका बाजूला साठल्यामुळे असो, तर ४० मिलिमीटरच्या त्रिज्येवर २४,००० फेऱ्यांना तो ग्रॅम आसाला सुमारे २६ किलोच्या जोराने ओढतो, आणि ही ओढ दर सेकंदाला ४०० वेळा दिशा बदलत फिरते. राउटरची थरथर म्हणजे हीच ओढ होय. तिने दांडी किंचित वाकते. दांडी वाकली की बिटाचा भार आसापासून आणखी दूर जातो, त्यामुळे ओढ वाढते, आणि वाढलेली ओढ दांडीला अधिक वाकवते. हे चक्र एका मर्यादेपलीकडे गेले की दांडी वाकून बसते किंवा तुटते. मोठ्या बिटांसाठी अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटरची, दांडी लागते ती याच कारणाने : वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्याने पाव इंची दांडीपेक्षा अर्धा इंची दांडी दुप्पट नव्हे, तर सोळा पट ताठ असते.

यासाठी बिट तयार करणारे व्यासानुसार फेऱ्यांच्या मर्यादा देतात. त्या सर्वत्र तंतोतंत सारख्या नसतात, पण त्यांचा साधारण आराखडा असा असतो की एक इंचापर्यंतच्या बिटांना राउटरचा पूर्ण वेग, म्हणजे २४,००० पर्यंत, चालतो. सव्वा ते दोन इंचांना १८,०००, सव्वादोन ते अडीच इंचांना १६,०००, आणि तीन ते साडेतीन इंचांना १०,००० ते १२,००० ही वरची हद्द मानली जाते. बिटावर किंवा त्याच्या वेष्टनावर कमाल फेरे छापलेले असतील तर तोच आकडा अंतिम समजावा. युरोपात लाकूड कापणाऱ्या फिरत्या हत्यारांसाठी ईएन ८४७ हे मानक आहे आणि त्यानुसार बनवलेल्या हत्यारावर कमाल फेऱ्यांचा आकडा कोरलेला असतो. हाताने लाकूड सरकवण्याच्या कामासाठी योग्य असलेल्या हत्यारावर ‘मॅन’ अशी खूणही असते. या खुणेचा अर्थ असा की हत्याराचा पिंड पात्याच्या अगदी मागोमाग भरीव ठेवलेला आहे आणि पाते त्याच्या पुढे १.१ मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावत नाही. त्यामुळे एका चाव्यात ते लाकडाचा मोठा तुकडा तोडू शकत नाही, आणि चुकून बोट लागले तरी जखमेची खोली कमी राहते. ज्या बिटावर ना आकडा, ना खूण, ना बनवणाऱ्याचे नाव, असे साडेतीन इंची बिट स्वस्तात मिळाले तरी ते महागच पडते.

एवढ्यावरून वेग जितका कमी तितके बरे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. दोन पात्यांचे बिट २४,००० फेऱ्यांवर असताना लाकूड मिनिटाला ३ मीटर या गतीने सरकवले, तर प्रत्येक पाते सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची ढलपी काढते. फेरे १२,००० केले आणि लाकूड त्याच गतीने ढकलले तर प्रत्येक चावा दुप्पट जाड होतो. मोठा चावा म्हणजे खडबडीत पृष्ठभाग, आणि पाते लाकडात अडकून फळी कारागिराच्या अंगावर उलटी भिरकावली जाण्याची, म्हणजे किकबॅकची, अधिक शक्यता. हाताने लाकूड सरकवण्याच्या यंत्रांसाठी कडेचा वेग सेकंदाला ४० ते ७० मीटर या पट्ट्यात ठेवावा, असे जर्मनीतील कारखाना-सुरक्षेच्या परंपरेत सांगितले जाते : चाळीसच्या खाली झटक्याचा धोका वाढतो, सत्तरच्या वर हत्यार फुटण्याचा. स्पिंडल मोल्डरवरचे १२५ मिलिमीटरचे हत्यार मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर याच पट्ट्यात, ४६ मीटरच्या आसपास, येते. साडेतीन इंची राउटर बिट १०,००० फेऱ्यांवर नेमक्या त्याच वेगाला पोहोचते आणि १२,००० वर ५६ मीटरला. म्हणजे वर दिलेल्या मर्यादांमागे बिटाला वाचवण्याइतकाच चांगल्या कापाचाही हिशेब आहे, आणि मोठे बिट कमी फेऱ्यांवर चालवल्याने काम निकृष्ट होईल ही भीती निराधार आहे. उलट जास्त वेगाने फिरणारे बिट लाकूड कापण्यापेक्षा घासतेच अधिक, आणि त्या घर्षणाने फळीवर उमटलेला काळा डाग पॉलिशखालीही लपत नाही.

वेग कमी करायचा तर यंत्रात तशी सोय हवी. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे राउटर रूढ झाले. त्यांच्यावर एक छोटी चकती असते आणि तिच्यावर बहुधा १ ते ६ असे आकडे असतात. हे आकडे फेऱ्यांचे नव्हेत. कोणत्या आकड्याला किती फेरे हे प्रत्येक यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते आणि ते यंत्रागणिक बदलते. एकावर सर्वांत खालचा वेग ८,००० असेल तर दुसऱ्यावर ११,०००. ही पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत जाण्यापूर्वी तिच्यातला तक्ता यंत्रावर चिकटवून ठेवणे शहाणपणाचे. चांगल्या नियंत्रणात आणखी एक गुण असतो : बिट लाकडात शिरून मोटरीवर भार आला की विद्युतमंडल फेरे मोजते आणि वीज वाढवून वेग टिकवून धरते. चालू होताना वेग हळूहळू चढवण्याची सोयही, जिला सॉफ्ट स्टार्ट म्हणतात, बहुधा याच मंडलात असते. मोठ्या बिटाला तिची विशेष गरज असते, कारण जड बिट क्षणात गरगर फिरू लागले तर कोलेटातली पकड निसटण्याचा आणि यंत्र हाताला पीळ देण्याचा संभव असतो.

जुन्या, एकाच वेगाच्या राउटरला बाहेरून वेगनियंत्रक लावण्याचा उपाय काही जण करतात. राउटरची मोटर ब्रश असलेली, म्हणजे युनिव्हर्सल प्रकारची, असते आणि वीज कमी केली की ती मंदावते, एवढ्यापुरता तो उपाय खरा आहे. परंतु साधा नियंत्रक फेरे मोजत नाही. मोकळ्यावर लावलेला वेग लाकडात शिरताच कोसळतो आणि लाकूड संपताच पुन्हा उसळतो. शिवाय मोटरीला गार ठेवणारा पंखा तिच्याच आसावर असल्याने वेग कमी होतो तेव्हा वाराही कमी होतो आणि मोटर तापते. ज्या राउटरमध्ये स्वतःचे इलेक्ट्रॉनिक मंडल आहे त्याला असा नियंत्रक लावलाच जाऊ नये, कारण दोन्ही मंडले एकमेकांविरुद्ध काम करून बिघडतात. आणि छतावरच्या पंख्याचा रेग्युलेटर तर या कामाचाच नव्हे. राउटर ओढतो तेवढी वीज वाहण्याची त्याची कुवत नसते.

वेग योग्य असूनही कोलेटाकडे दुर्लक्ष झाले तर त्याचा उपयोग उरत नाही. भारतीय बाजारात १२ मिलिमीटर आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन्ही मापांच्या दांड्या शेजारी-शेजारी मिळतात आणि डोळ्यांना त्यांतला फरक सहसा कळत नाही. ६ आणि ६.३५ मिलिमीटरचीही तीच गत. बारीक दांडी मोठ्या कोलेटात आवळली तर ती धरल्यासारखी वाटते, पण पकड सगळीकडून बसलेली नसते, आणि काम चालू असताना बिट हळूहळू वर सरकू लागते. दांडी पूर्ण आत घालून मग दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढावी व नंतर नट आवळावे, हा नियम निरर्थक नाही : नट आवळताना कोलेट दांडीसह किंचित आत सरकते, आणि दांडीचे बूड तळाला टेकलेले असेल तर ते सरकणे अडते व पकड अपुरी राहते. दांडी जिथे रुंद होऊन पिंडाला मिळते तिथल्या गोलाईवरही कोलेट येता कामा नये. कोलेटाच्या चिरांमधला भुसा आणि चीक साफ न केल्यास नवे कोलेटही जुन्यासारखे वागते.

दोन इंचांच्या पुढची बिटे हातात धरलेल्या राउटरवर चालवण्याची नव्हेत. त्यांच्यासाठी राउटर टेबलाखाली उलटा बसवलेला असावा. टेबलावर वरून पाहता बिट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, म्हणून आडपट्टीला, म्हणजे फेन्सला, टेकवलेले लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवायचे, म्हणजे पाती त्याला सामोरी येतात. बिट आणि आडपट्टी यांच्या मधून लाकूड कधीही सोडू नये. त्या बाजूला पाती लाकडाच्याच दिशेने धावत असतात आणि फळी हातातून हिसकावून नेतात, आणि ती धरून ठेवणारा हात तिच्यामागे बिटापर्यंत खेचला जातो. याच कारणाने कापडी हातमोजे घालणे हे इथे संरक्षण नसून संकट आहे. आडपट्टी आणि टेबलाच्या छिद्राची कडी यांना बिट कुठे घासत नाही ना, हे प्लग काढून आणि बिट हाताने एकदा फिरवून पाहिल्याशिवाय बटण दाबू नये.

पॅनेलच्या फळीचा संपूर्ण उतार एका दमात काढण्याचा मोह मोठा असतो, आणि दीड हजार वॅटच्या मोटरीला तो बहुधा झेपतही नाही. आडपट्टी पुढे ठेवून किंवा बिट खाली ठेवून तीन-चार वेळा थोडे-थोडे कापावे आणि शेवटच्या वेळी अर्धा ते एक मिलिमीटरच ठेवावा. हा शेवटचा हलका हात पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा ठरवतो. प्रत्येक वेळी आधी फळीच्या दोन टोकांच्या बाजू, जिथे नस आडवी कापली जाते, आणि मग नसेच्या दिशेच्या दोन लांब बाजू घ्याव्यात. आडव्या नसेत पाते बाहेर पडताना कोपऱ्याची ढलपी उडतेच, आणि नंतरचा लांब बाजूचा काप ती उणीव खाऊन टाकतो. काम संपल्यावर बटण बंद केले तरी जड बिट काही सेकंद फिरत राहते, आणि भुसा झटकायला पुढे गेलेला हात या सेकंदांतच सापडतो.

ज्यांच्याकडे वेग बदलणारा राउटर नाही त्यांच्यासाठी उभे पॅनेल बिट हा पर्याय सांगितला जातो. त्यात उताराचा आकार आडवा पसरण्याऐवजी दांडीच्या दिशेने उभा असतो, त्यामुळे व्यास ३८ मिलिमीटरच्या आसपास राहतो आणि फळी उंच आडपट्टीला उभी टेकवून सरकवावी लागते. अशा बिटाच्या कडेचा वेग २२,००० फेऱ्यांना सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ४० ते ७० मीटरच्या पट्ट्यातच, येतो. तरीही या व्यासासाठी सहसा दिली जाणारी मर्यादा १८,००० ची असते, कारण लांब बिटाचा असमतोल आणि दांडीवरचा ताण कडेच्या वेगाच्या हिशेबात दिसत नाहीत. बनवणाऱ्याने स्पष्टपणे अधिक फेऱ्यांची मुभा दिली नसेल तर एकाच वेगाच्या राउटरवर तेही बसवता येत नाही. कमानदार दारांना तर उभे बिट चालतच नाही, कारण उभ्या धरलेल्या फळीची वक्र कड टेबलावर सपाट टेकत नाही. सरळ फळ्यांपुरते पाहिले तर टेबल सॉचे पाते तिरपे करून उतार कापणे आणि तो रंध्याने व पॉलिश पेपरने साफ करणे हा मार्ग उरतो. त्या यंत्राचे २५० मिलिमीटरचे पाते मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ५२ मीटर वेगाने कापते, म्हणजे योग्य वेगाला आणलेल्या साडेतीन इंची बिटाच्या अगदी जवळ.